वैरागड : हिऱ्याच्या खाणीचा इतिहास आणि श्रावकाची दृष्टी

गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी तालुक्यात खोब्रागडी नदीच्या काठी वैरागड नावाचे एक गाव आहे. भोवती भातशेती, पलीकडे दाट जंगल, गावालगत खंदकाने वेढलेला एक पडका किल्ला आणि भंडारेश्वराचे प्राचीन मंदिर, एवढेच आज पाहणाऱ्याच्या दृष्टीस पडते. परंतु या गावाच्या नावात एक फार मोठा इतिहास दडलेला आहे. ज्या काळी हिरा म्हणजे भारताचा हिरा असे सारे जग मानीत होते, त्या काळी वैरागड हे हिऱ्यांच्या मोजक्या उत्पत्तिस्थानांपैकी एक होते. चोळांपासून मोगलांपर्यंत अनेक सत्तांच्या लेखांत त्याचा उल्लेख येतो.

आपल्या संस्थेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष साजरे होत असताना चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील जैन बांधवांनी या इतिहासाकडे वळून पाहावे, असे मनापासून वाटते. भद्रावतीच्या श्री केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास आपण वर्षानुवर्षे जात आलो आहोत. पण त्याच जुन्या चांदा प्रदेशातील वैरागडशी आपल्या धर्मग्रंथांचा, आपल्या व्यापाराचा आणि आपल्या आचाराचाही संबंध पोहोचतो, याची जाणीव फारच थोड्यांना आहे.

नावाची कथा

वैरागड हे नाव 'वैर' किंवा 'वैराग्य' या शब्दांवरून पडले असावे, असे पुष्कळांना वाटते. विराट किंवा वैरोचन राजाने हे नगर वसविल्याच्या दंतकथाही परिसरात ऐकू येतात. मात्र कोरीव लेखांतील रूपे वेगळी साक्ष देतात. संस्कृतात 'वज्र' म्हणजे हिरा आणि 'आकर' म्हणजे खाण. 'वज्राकर' म्हणजे हिऱ्याची खाण. प्राकृतात 'वज्र' या शब्दाचे 'वइर' असे रूप होते आणि 'वज्राकर'चे 'वइरागर'. पुढे त्याचे 'वैरागर' झाले, आणि किल्ला प्रसिद्धीस आल्यावर लोकांच्या तोंडी शेवटच्या 'गर'चा 'गड' झाला असावा.

जैन वाचकांना 'वइर' हा शब्द परका नाही. दशपूर्वधर आचार्य वज्रस्वामी हे आपल्या प्राकृत ग्रंथांत 'वइरसामि' म्हणून ओळखले जातात. पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ यांचे लांछन वज्र आहे. तीर्थंकरांच्या शरीराच्या अस्थिबंधाला आपले शास्त्र 'वज्रऋषभनाराच संहनन' म्हणते. ज्या भाषेत आपले आगम लिहिले गेले, त्या भाषेच्या कुळातील एक शब्द गडचिरोलीच्या अरण्यात गावाच्या नावाने आजही टिकून आहे.

हिरा म्हणजे काय ?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या रत्नाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. हिरा हा शुद्ध कार्बन होय. कोळसा आणि पेन्सिलीतील शिसे, म्हणजे ग्राफाइट, ही त्याचीच भावंडे. १७७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लावाझिए याने हिरा जाळून दाखविला आणि १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने तो कार्बनच असल्याचे सिद्ध केले. हिऱ्यामध्ये कार्बनचा प्रत्येक अणू इतर चार अणूंशी सर्व दिशांनी घट्ट बांधलेला असतो. म्हणूनच खनिजांच्या काठिण्याच्या मोहस् मापनात त्याला १० हा सर्वोच्च अंक मिळतो. माणिक व नीलम यांचा अंक ९ आहे. पण हे अंतर दिसते तेवढे लहान नाही, कारण प्रत्यक्षात हिरा त्यांच्याहून कितीतरी पटींनी कठीण आहे.

हिऱ्याची घनता पाण्याच्या साडेतीन पट आहे. त्याचा वक्रीभवनांक २.४२ च्या जवळपास आहे, म्हणजे त्यात शिरलेला प्रकाश फार वाकतो, आतल्या आत परावर्तित होतो आणि रंगांत विभागून बाहेर पडतो. हिऱ्याचे तेज म्हणतात ते हेच. मात्र कठीण म्हणजे अभंग नव्हे. ठराविक दिशांनी आघात झाला तर हिरा सहज दुभंगतो. खरा हिरा ऐरणीवर घणाखाली फुटत नाही, ही समजूत चुकीची असून तिच्यापायी अनेक उत्तम हिरे नष्ट झाले असतील.

हिरे पृथ्वीच्या पोटात सुमारे १५० किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर प्रचंड दाब व उष्णता यांच्या योगे तयार होतात. त्यांपैकी बहुतेकांचे वय १०० कोटी वर्षांहून अधिक आहे. किंबरलाइट नावाच्या ज्वालामुखीजन्य खडकाबरोबर ते वर येतात. तो खडक झिजल्यावर पाण्याच्या प्रवाहाने वाहत जाऊन नदीच्या वाळूत, गोट्यांत आणि जुन्या गाळाच्या थरांत साचतात. वैरागडचे हिरे अशाच दुसऱ्या प्रकारच्या ठेवींतून, जांभ्या दगडासारख्या थरांतून मिळत. भूशास्त्रज्ञ ज्याला बस्तर क्रेटॉन म्हणतात त्या अतिप्राचीन भूखंडाच्या पश्चिम भागात गडचिरोली जिल्हा मोडतो. याच भूखंडाच्या पूर्वेकडील भागात, छत्तीसगडमधील गरियाबंद जिल्ह्यात, हिरे धारण करणारे मूळ खडक सापडले आहेत.

प्राचीन रत्नशास्त्रातील साक्ष

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोषात घेण्याच्या रत्नांची परीक्षा सांगताना हिऱ्यांचे प्रकार उत्पत्तिस्थानांवरून दिले आहेत. त्यांतील 'सभाराष्ट्रक' हिऱ्याचा देश म्हणजे विदर्भ, असा अर्थ टीकाकारांनी केला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्यांची आठ स्थाने व प्रत्येक ठिकाणचा रंग सांगितला. वेणातट, कोसल, सौराष्ट्र, शूर्पारक, हिमालय, मतंग, कलिंग आणि पौंड्र ही ती स्थाने. यांपैकी वेणातटचा हिरा त्याने सर्वांत शुद्ध, म्हणजे निष्कलंक पांढरा म्हटला आहे. वेणा म्हणजे वैनगंगा आणि वेणातटचा हिरा म्हणजे वैरागडचा हिरा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. दुसरे काही विद्वान वेणा म्हणजे कृष्णा मानतात. वैनगंगेचा पक्ष दुर्बळ नाही, कारण खोब्रागडी ही वैनगंगेलाच मिळते.

या ग्रंथांत निरीक्षण आणि समजूत यांची सरमिसळ आहे. उत्तम हिऱ्याला सहा टोके, आठ बाजू आणि बारा धारा असतात, असे रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत सांगितले आहे. आजच्या स्फटिकशास्त्रातील अष्टफलकाचे हे तंतोतंत वर्णन होय. काकपद, बिंदू, रेखा, यव हे त्यांनी सांगितलेले दोष आजचा पारखीही भिंगातून पाहतो. फक्त त्यांची नावे बदलली. मात्र वराहमिहिरासह अनेकांनी उत्तम हिरा हलका असतो व पाण्यावर तरतो असे म्हटले, ते प्रत्यक्षाला धरून नाही. त्याच्या पुष्कळ आधी अर्थशास्त्राने चांगला हिरा वजनदार असावा असे सांगितले होते आणि ते अधिक योग्य होते.

या परंपरेत एका जैन श्रावकाचे नाव आदराने घ्यावे लागते. ठक्कुर फेरू हा श्रीमाळ ज्ञातीतील, खरतरगच्छाचा अनुयायी. दिल्लीत अलाउद्दीन खिलजीच्या कोषागारात तो अधिकारी होता. त्याने वि. सं. १३७२ म्हणजे इ. स. १३१५ मध्ये आपला पुत्र हेमपाल याच्यासाठी 'रयणपरिक्खा' हा रत्नपरीक्षेचा ग्रंथ प्राकृतात रचला. जुन्या आचार्यांचे मत देऊनच तो थांबला नाही. सुलतानाच्या खजिन्यातील रत्ने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणि त्या वेळचे बाजारभाव नोंदवून त्याने लिहिले. गणित, वास्तू आणि नाणी यांवरही त्याचे ग्रंथ आहेत. शेकडो वर्षे अज्ञात राहिलेली ही ग्रंथसंपदा विसाव्या शतकाच्या मध्यास अगरचंद नाहटा व भंवरलाल नाहटा यांना कलकत्त्यातील एका ज्ञानभांडारात मिळाली आणि मुनी जिनविजयजींच्या प्रयत्नाने १९६१ मध्ये जोधपूरहून प्रकाशित झाली.

शिलालेख आणि ताम्रपट

वैरागडच्या सर्वांत जुन्या उल्लेखाचा प्रश्न आपल्याला थेट सम्राट खारवेलाकडे घेऊन जातो. कलिंगाचा हा जैन राजा इसवी सनापूर्वी दुसऱ्या किंवा पहिल्या शतकात होऊन गेला. भुवनेश्वरजवळील उदयगिरीवर हाथीगुंफेतील त्याचा लेख अरिहंतांना व सर्व सिद्धांना नमन करून सुरू होतो. त्याच्या राज्याच्या सातव्या वर्षाच्या वर्णनात 'वजिरघर' असा शब्द वाचून, त्याची राणी वजिरघर येथील होती आणि हे स्थान म्हणजे चांदा जिल्ह्यातील वैरागड, असे मत काशीप्रसाद जायसवाल यांनी मांडले. ही ओळ फार झिजलेली असल्याने तिच्या वाचनाविषयी विद्वानांत एकमत नाही. म्हणून हा उल्लेख अभिमानाने सांगावा, पण सिद्ध झालेला म्हणून सांगू नये. सत्य हे आपले व्रत आहे आणि ते इतिहासलेखनासही लागू आहे.

अकराव्या शतकापासून मात्र पुरावा ठाम होतो. चोळ सम्राट पहिला कुलोत्तुंग (राज्यारोहण इ. स. १०७०) याच्या तामिळ लेखांत त्याने 'वयिरागरम्' येथे हत्ती पकडले आणि चक्रकोट्टच्या, म्हणजे बस्तरच्या, राजाकडून खंडणी घेतली असे म्हटले आहे. तामिळमध्ये आजही हिऱ्याला 'वैरम्' म्हणतात. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात त्याला दरवर्षी कर देणाऱ्या मांडलिकांच्या यादीत वैरागरचे नाव लांजिका म्हणजे लांजी आणि भाणार यांच्याबरोबर येते. देवगिरीच्या रामचंद्र यादवाच्या इ. स. १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात त्याने वज्राकर आणि भांडागार येथील राजांना जिंकल्याचे सांगितले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही स्थाने म्हणजे वैरागड व भंडारा होत, असे दाखवून दिले.

याच रामचंद्राने १२९६ मध्ये अलाउद्दीनास अपार रत्ने देऊन देवगिरी वाचविली होती. त्यांत वैरागरचे काही हिरे असतील, तर ते पुढे दिल्लीच्या त्याच कोषागारात गेले असतील, जेथे ठक्कुर फेरू रत्ने पारखीत होता. याला लेखी आधार नाही, परंतु घटनांचा क्रम पाहता ते अशक्यही नाही.

पुढे १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशाह याने माहूर व कळंब घेतले आणि गोंडवनातील हिऱ्याची खाण ताब्यात घेतली, असे फिरिश्ता लिहितो. ती खाण वैरागडची होय, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने आइन-इ-अकबरीत चांद्याचा गोंड राजा बाबाजी याच्याकडे एक हजार घोडदळ व चाळीस हजार पायदळ असल्याचे सांगून, हिऱ्याची खाण असलेले वैरागड त्याने नुकतेच दुसऱ्या सरदाराकडून जिंकल्याची नोंद केली आहे. तेथे नक्षीदार कापड विणले जाते आणि त्या मुलखात रानहत्ती पुष्कळ आहेत, असेही तो सांगतो. हत्ती पुढे या प्रदेशातून नाहीसे झाले. २०२१ मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा एक कळप गडचिरोलीत आला आणि आरमोरी-कुरखेड्याच्या जंगलात वावरू लागला, तेव्हा कुलोत्तुंगाचा आणि अबुल फजलचा उल्लेख आठवल्यावाचून राहिला नाही.

खाण कशी होती, आणि ती का संपली

वैरागडची खाण म्हणजे खोल बोगदे नव्हेत. नदीनाल्यांच्या काठी उथळ खड्डे खणायचे, त्यातील मुरूम व गोटे वर काढायचे, पाण्याने धुऊन माती घालवायची आणि उरलेली खडी उन्हात पसरून एकेक खडा डोळ्यांनी निवडायचा, अशी अशा ठेवींवरील कामाची सर्वसाधारण रीत. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींवर पुरुष खणतात आणि स्त्रिया व मुले माती वाहतात, असे फ्रेंच जवाहीर व्यापारी ताव्हर्निए याने लिहून ठेवले आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात सोनझरी समाजाचे लोक नदीची वाळू लाकडी परातीत धुऊन सोन्याचे कण काढीत, ती कलाही याच जातीची. वैरागडच्या खड्ड्यांत ज्यांनी आयुष्य घालविले त्यांची नावे मात्र एकाही ताम्रपटात नाहीत. राजाने खाण जिंकली हे कोरले गेले. खडा कोणी वेचला हे कोणी कोरले नाही.

१७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले आणि १८५४ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे आला. मेजर लूसी स्मिथ याने १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा विस्तृत अहवाल लिहिला आणि व्हॅलेंटाइन बॉल या भूशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये भारतातील हिऱ्यांच्या खाणींचा आढावा घेतला. तोवर वैरागडची खाण ही भूतकाळातील गोष्ट झाली होती. नदीच्या गाळातील ठेव मर्यादित असते. एकदा वेचली की पुन्हा भरत नाही. शिवाय १७२५ च्या सुमारास ब्राझीलमध्ये आणि १८६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडल्यावर भारताची मक्तेदारी संपुष्टात आली. आज देशात हिऱ्यांची खाण म्हटली की मध्य प्रदेशातील पन्ना एवढेच नाव पुढे येते.

अलंकारातील हिरा

भारतात पूर्वी हिऱ्याला आजच्यासारखे पैलू पाडीत नसत. खड्याचे वजन कमी होऊ न देणे हीच कारागिराची दृष्टी असे. नैसर्गिक बाजू घासून उजळायच्या, दोष असेल तेथेच लहानसा पैलू द्यायचा. पातळ सपाट हिऱ्यास पोलकी म्हणतात. तो शुद्ध सोन्याच्या पत्र्यात दाबून, खाली चकचकीत डांक ठेवून बसवितात, म्हणजे प्रकाश मागून परत येतो. यालाच उत्तरेत 'कुंदन' आणि मराठीत 'कोंदण' म्हणतात. राजेरजवाड्यांचे शिरपेच, कलग्या व कंठे असेच घडले. मराठी घरांत हिऱ्याच्या कुड्या आणि नाकातील चमकी हे अलंकार प्रतिष्ठेचे मानले गेले. लहान खड्याला तर 'हिरकणी' असे गोड नाव मिळाले. गंमत अशी की वज्रटीक या आपल्या जुन्या अलंकाराच्या नावात वज्र आहे, पण त्यात हिरा नसतो. कापडी पट्टीवर बसविलेले सोन्याचे मणी असतात.

पैलू पाडण्याची आजची पद्धत युरोपात विकसित झाली. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्हस्की याने गणिताने कोन ठरवून ५८ पैलूंच्या हिऱ्याचे प्रमाण मांडले. आता जगातील बहुतेक हिरे सुरतेत घासले जातात, आणि या व्यवसायात पालनपूरच्या जैन कुटुंबांनी अँटवर्पपर्यंत नाव कमावले. त्यांच्याही आधी अहमदाबादचे शांतिदास झवेरी हे मोगल दरबारी मान असलेले जवाहीर आणि संघाचे अग्रणी होऊन गेले.

जिनमंदिरातही हिऱ्याला स्थान आहे. श्वेतांबर परंपरेत प्रतिमेच्या आंगीत, मुकुटात आणि टिळ्यात रत्ने जडवितात. जे आपणास सर्वांत प्रिय ते वीतरागाच्या चरणी सोडावे, असा त्यामागील भाव. दिगंबर परंपरेत प्रतिमा निराभरण असते. ज्याने सर्व सोडले त्याला अलंकार कशाला, असा तेथील भाव. वाट निराळी असली तरी दोन्हीकडे शिकवण हिऱ्याच्या त्यागाचीच आहे. दीक्षार्थीच्या वर्षीदानात हेच आपण प्रत्यक्ष पाहतो.

पृथ्वीकाय आणि श्रावकाचा आचार

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येतो. उत्तराध्ययन सूत्राच्या ३६ व्या अध्ययनात पृथ्वीकाय जीवांचे प्रकार सांगितले आहेत. खर म्हणजे कठीण पृथ्वीच्या ३६ भेदांत माती, वाळू, शिला, लोखंड, तांबे, शिसे, चांदी, सोने यांच्या ओळीत शेवटी 'वइर', म्हणजे हिरा, येतो. त्यापुढे गोमेद, स्फटिक, मरकत, इंद्रनील, वैडूर्य यांची नावे आहेत. दिगंबरांच्या मूलाचारातही अशीच गणना आहे. भूमीत असलेला हिरा आपल्या शास्त्राच्या दृष्टीने निर्जीव वस्तू नसून एकेंद्रिय जीवाची काया आहे. आचारांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात पृथ्वीकायाच्या हिंसेचा विचार आहे.

म्हणूनच उपासकदशांगात श्रावकाने टाळावयाच्या १५ कर्मादानांत 'फोडीकम्म' म्हणजे स्फोटकर्म सांगितले. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ तळी-विहिरी खणणे, शिला फोडणे अशा कामांवर उपजीविका करणे असा दिला आहे. खाणकाम त्यातच येते. जैन समाज रत्नांचा पारखी व व्यापारी झाला, पण खाणीचा खणणारा झाला नाही, यामागे इतर कारणांबरोबर हा आचारनियमही निश्चित असला पाहिजे.

परंतु येथे थोडे थांबून स्वतःस विचारावे लागते. आपण खाणीत उतरलो नाही, म्हणजे हिंसेतून आपण सुटलो का ? कर्म हे कृत, कारित आणि अनुमोदित अशा तीन मार्गांनी बांधले जाते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गृहस्थाला अनुमोदनेची पूर्ण बंदी नसते, हे खरे; तथापि जो खडा आपण विकतो किंवा लेकीच्या लग्नात घालतो, तो कोणाच्या हाताने आणि कोणत्या भूमीतून आला, हे विचारण्याची तरी आपली जबाबदारी आहे. आफ्रिकेतील यादव्यांना पैसा पुरविणारे हिरे बाजारात येऊ नयेत म्हणून २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत सुरू झाली. जगाने हा प्रश्न एकविसाव्या शतकात विचारला. ज्यांच्या आगमांत पृथ्वीकायाचा विचार आहे, त्यांनी तो आधीच विचारायला हवा होता.

१९५४ मध्ये अमेरिकेत कृत्रिम हिरा प्रयोगशाळेत घडविण्यात यश आले. आता सुरतेतही असे हिरे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. रासायनिक दृष्ट्या तो खाणीतील हिऱ्यासारखाच कार्बन असतो आणि त्यासाठी भूमी फोडावी लागत नाही. त्याला वीज फार लागते, म्हणजे तेथेही दुसऱ्या जीवांची विराधना आहेच. तरीही एका श्रावकाने दोहोंतून निवड करताना केवळ किंमत न पाहता हा विचारही मनात आणावा.

आपल्या जिल्ह्यांपुरते पाहिले तर हा प्रश्न जुना झालेला नाही. उत्तराध्ययनाच्या त्याच ओळीत हिऱ्याच्या आधी लोखंडाचे नाव आहे, आणि गडचिरोलीच्या डोंगरांत आज लोहखनिजाचे उत्खनन चालू आहे. त्यातून रोजगार येतो, रस्ते येतात, हेही नाकारता येत नाही. पण वैरागडचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा. पिढ्यान्‌पिढ्या राजांनी ज्या खाणीसाठी सैन्ये पाठविली, तिचे सर्व धन बाहेर गेले आणि जेथून ते निघाले त्या गावाला फक्त नाव उरले.

आपले कर्तव्य

संस्थेच्या पन्नास वर्षांत आपण मंदिरे, धर्मशाळा आणि पाठशाळा यांच्यासाठी पुष्कळ केले. पुढील काळासाठी विश्वस्त मंडळासमोर नम्रपणे दोन सूचना ठेवाव्याशा वाटतात. भद्रावतीच्या यात्रेला जोडून पाठशाळेच्या मुलांना एकदा तरी वैरागडला न्यावे आणि 'वइर' या शब्दाचा अर्थ त्यांना त्या भूमीवर उभे राहून सांगावा. तसेच आपल्या जुन्या कुटुंबांतील वह्या, रोजमेळ व पत्रे एकत्र जपून ठेवावीत. त्यांत या जंगलमुलखातील व्यापाराचा आणि येथील गोंड, माना, ढीवर आदी समाजांशी आपल्या वाडवडिलांच्या व्यवहाराचा इतिहास सापडेल. ज्ञानभांडारातील एक पोथी शेकडो वर्षे टिकली म्हणून ठक्कुर फेरू आपणास मिळाला. वैरागडला खडे वेचणाऱ्यांची नोंद कोणीच ठेवली नाही, म्हणून ते सर्व हरवले.

आपल्या धर्मात रत्ने तीनच मानली आहेत : सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र. त्यांची खाण कोणत्याही राजाला जिंकता आलेली नाही आणि ती वेचताना कोणत्याही जीवाला इजा होत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्या रत्नांची पारख आपणा सर्वांच्या ठिकाणी वाढो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.